एकोणिसाचं फळ

गेल्या उन्हाळ्यात जतमधल्या एका मंगल कार्यालयात अंकशास्त्राचं शिबिर झालं. फी अकराशे रुपये. त्यात चहा, वेफर्स आणि एक लॅमिनेट केलेलं कार्ड. मी गेलो नव्हतो. माझ्या शिकवणीला येणाऱ्या एका पोराचे वडील गेले होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ते माझ्या दारात उभे होते.

"सर, आपला पिनकोडच खराब हाय म्हणं."

झालं होतं ते असं. शिबिरातल्या गृहस्थांनी फळ्यावर ४१६४०४ लिहिलं. चार नि एक पाच, पाच नि सहा अकरा, अकरा नि चार पंधरा, शून्य सोडा, वर चार, एकोणीस. एक नि नऊ दहा. एक नि शून्य एक. एक हा सूर्याचा अंक. सूर्य म्हणजे ऊन आणि ऊन म्हणजे दुष्काळ. जत तालुका कोरडा का, याचा निकाल चार मिनिटांत लागला. पावसाचे ढग सह्याद्रीवर रिकामे होतात आणि आपल्यापर्यंत नुसता वारा पोचतो, हे भूगोलाच्या पुस्तकातलं उत्तर फुकट मिळतं, म्हणून त्याला कुणी विचारत नाही. अकराशे मोजल्यावर मिळालेलं उत्तर मात्र माणूस सकाळी सातला दुसऱ्याच्या दारात घेऊन जातो. उपायही होता: दुकानाच्या पाटीवर पिनकोडाशेजारी बारीक अक्षरात '२' लिहायचा. दोन म्हणजे चंद्र. एक नि दोन तीन, तीन म्हणजे गुरू. गुरू आला की सगळं थंड.

कार्ड माझ्या टेबलावर ठेवून ते निघून गेले. पाटी रंगवणाऱ्याला गाठायचं होतं.

मी पंचवीस वर्षं या गावात गणिताच्या शिकवण्या घेतो. एवढ्या वर्षांत कुणी सकाळी सातला येऊन "सर, या संख्येचे अवयव काय?" असं विचारलेलं नाही. संख्येचा गुणधर्म कुणालाच नको असतो. सगळ्यांना तिचं फळ हवं असतं.

आधी पिनकोडाचं बघू. तो १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. बसवला श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. मूळचे कोकणातले, दळणवळण मंत्रालयातले अधिकारी आणि संस्कृतात नाटकं-काव्यं लिहिणारे. अडचण साधी होती: एकाच नावाची दहा गावं, वेगवेगळ्या लिप्यांतले पत्ते आणि हे सगळं वाचून छाटणी करणारा एक माणूस. म्हणून सहा आकडे. पहिला चार सांगतो की पत्र महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड या विभागातलं. पहिले तीन, ४१६, सांगतात की त्याची छाटणी कुठं व्हायची. शेवटचे तीन, ४०४, म्हणजे ते वाटणारं पोस्ट. यात सूर्य नाही, चंद्र नाही. आंबोलीचा पिनसुद्धा ४१६ नंच सुरू होतो आणि तिथं पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत.

आता मीच एक पुरावा त्या गृहस्थांच्या हातात देतो. पिनकोड आला १९७२ ला. महाराष्ट्रातला मोठा दुष्काळही बहात्तरचाच. हे त्यांना माहीत असतं तर फी दीड हजार झाली असती. पण मग १८७६ ते ७८ च्या दुष्काळात, दख्खनभर माणसं आणि जनावरं मेली तेव्हा, इथं डफळ्यांचं संस्थान होतं. त्या वेळी जतचा पिनकोड काय होता, हेही त्यांनी एकदा सांगावं.

बेरजेची बेरीज करून एक अंक काढायचा, या खेळाला आमच्या आजोबांच्या पिढीत नाव होतं: ताळा. किराणा दुकानातला मुनीम वहीतल्या गुणाकाराचा नवाचा ताळा बघायचा. दहा म्हणजे नऊ अधिक एक, शंभर म्हणजे नव्व्याण्णव अधिक एक, हजार म्हणजे नऊशे नव्व्याण्णव अधिक एक. म्हणून कुठल्याही संख्येतून नऊ-नऊ काढून टाकत गेलं, की जी बाकी उरते तीच अंकांच्या बेरजेतूनही उरते. ४१६४०४ ला नऊनं भागा, ४६२६७ वेळा भाग जातो आणि एक उरतो. त्या गृहस्थांचा सूर्य तो हाच, नऊनं भागून उरलेला एक. ४१६३९५ मध्येही तो आहे, ४१६४१३ मध्येही आहे. दर नवव्या संख्येवर सूर्य उगवतो. मुनिमाच्या हातात ते चूक शोधायचं हत्यार होतं; अडाणी म्हणून ज्याला आपण हसतो त्या मुनिमानं त्यावरून कधी कुणाचा पाऊस सांगितला नाही.

माझा संताप एवढ्यावर थांबला असता. पण त्या सकाळी चहा गार होईपर्यंत मी ४१६४०४ शी खेळत बसलो, आणि ती संख्या भलतीच चांगली निघाली.

अंकांची बेरीज एकोणीस. आता ४१६४०४ ला एकोणीसनंच भागा. २१९१६. बाकी शून्य. ज्या संख्येला तिच्या अंकांच्या बेरजेनं निःशेष भाग जातो तिला हर्षद संख्या म्हणतात. हर्ष देणारी ती हर्षद. हे नाव दिलं दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांनी. जन्म १९०५, डहाणू. फर्ग्युसनमध्ये शिकताना १९२७ साली रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळवलं आणि मग १९३० ते १९६२ देवळालीच्या शाळेत मास्तरकी केली. आज जगभरच्या पुस्तकांत हा मराठी-संस्कृत शब्द तसाच छापतात. म्हणजे आमच्या जतचा पिनकोड हर्षद आहे, आणि शिबिरात अकराशे भरलेल्या एकालाही हे कुणी सांगितलं नाही. (अकराशे हीसुद्धा हर्षद संख्या आहे. बेरीज दोन, भाग जातो. हर्ष कुणाला झाला ते उघड आहे.)

कापरेकरांची दुसरी कल्पना लावून बघू. एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की नवी संख्या जन्मते. जिला असा कुणी जनकच नाही ती स्वयंभू. जगात काही जण या संख्यांना देवळालीच्या नावानंही ओळखतात. आमच्या तालुक्यात निम्म्या देवळांतली मूर्ती स्वयंभू असते. पिनकोड मात्र नाही. ४१६३८१ घ्या, अंकांची बेरीज तेवीस, मिळवा: ४१६४०४. बाप सापडला.

तिसरी कल्पना सगळ्यांना ठाऊक असलेली. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं लिहा, चढत्या क्रमानं लिहा, वजा करा, परत तेच करा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तुम्ही ६१७४ वर येऊन थांबता. कापरेकरांना हे १९४६ च्या सुमारास सापडलं, १९४९ मध्ये त्यांनी ते मद्रासच्या गणित परिषदेत मांडलं. व्हॉट्सॲपवर हे दर महिन्याला फिरतं, खाली हात जोडलेले दोन इमोजी आणि 'भारतीय गणिताचा चमत्कार' असा मथळा. त्यात हटकून लिहिलेलं असतं की "कोणतीही संख्या घ्या". कोणतीही नाही, बाबांनो. सहा अंकी घेतलीत तर मुक्कामाचं ठिकाण एक राहत नाही. ५४९९४५ आणि ६३१७६४ या दोन संख्या आपल्या जागी थांबतात, आणि बाकीच्या बऱ्याच सात जणींच्या एका रिंगणात अडकतात.

जतचा पिन तिकडंच जातो. ६४४४१० वजा ०१४४४६, आले ६२९९६४. मग ७४९९४३, मग ६५२६४४, मग ४२०८७६. इथून रिंगण: ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४, आणि परत ४२०८७६. पहिल्यांदा केलं तेव्हा वाटलं वजाबाकी चुकली. दुसऱ्यांदा केलं, परत तेच. या जागी म्हैसाळ उपसा योजनेच्या पाण्याचा आणि दर निवडणुकीला फिरून येणाऱ्या आश्वासनांचा दाखला देण्याचा मोह कुठल्याही लेखकाला होईल. मी देणार नाही. तो दिला की माझ्यात आणि शिबिरातल्या गृहस्थांत फक्त फीचा फरक उरतो.

अर्थात त्या सकाळी माझाही पाय घसरला होता, तेही सांगून टाकतो. संख्येच्या स्वतःहून लहान सगळ्या विभाजकांची बेरीज करायची. ती संख्येपेक्षा कमी भरली तर संख्या न्यून, जास्त भरली तर विपुल. ही विभागणी ग्रीकांच्या काळापासूनची. जतच्या पिनचे अवयव २ × २ × १९ × ५४७९. विभाजकांची बेरीज ३,५०,७९६. म्हणजे जत न्यून. तुटीचं. मग मी सांगलीचा घेतला, ४१६४१६. बेरीज ६,९०,३६८. म्हणजे सांगली विपुल! कृष्णाकाठी विपुल, आमच्याकडं तूट. मी खुर्चीतून उठलो. बायकोला सांगायला निघालो होतो. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो आणि मग लाज वाटली.

कारण सांगलीची संख्या विपुल आहे ती कृष्णेमुळं नव्हे. ४१६ दोनदा लिहिलं की ते ४१६ गुणिले १००१ होतं, आणि १००१ म्हणजे ७ × ११ × १३. वर ४१६ मध्येच पाच वेळा दोन आणि एकदा तेरा. इतके लहान लहान अवयव असले की विभाजकांची गर्दी होणारच. जतकडं ५४७९ ही भली थोरली मूळ संख्या आहे, ती कुणाला जागा देत नाही. कारण एवढंच. आणि हो, सांगलीच्या अंकांची बेरीज बावीस, ४१६४१६ ला बावीसनं भाग जातो: १८९२८. म्हणजे सांगलीही हर्षद. जतचा मोठेपणा पाऊण तास टिकला. मिरज, ४१६४१०, बेरीज सोळा, भाग जात नाही, तेवढंच समाधान. दहा लाखांच्या आत हर्षद संख्या पंचाण्णव हजारांवर आहेत, दर दहा-अकरांत एक. एवढ्या वाटपात कुणाच्या ना कुणाच्या वाट्याला हर्ष यायचाच.

आता शहाण्यांकडं वळतो, कारण त्यांचाही हिशेब बाकी आहे. हार्डी, ज्यानं रामानुजनला केंब्रिजला नेलं, त्यानं १९४० च्या आपल्या 'अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी' या पुस्तकात असल्या अंकांच्या गमतींची बोळवण केली आहे. ८७१२ आणि ९८०१ या दोनच चार अंकी संख्या उलट्या लिहिलेल्या स्वतःच्या पटीत येतात, हे सांगून तो म्हणतो की हे वर्तमानपत्रातल्या कोड्यांना ठीक, गणितज्ञाला यात काही नाही. आपल्याकडच्या प्राध्यापकांनी हार्डीचं गणित किती घेतलं कोण जाणे, नाक मात्र पुरतं उचललं. कापरेकर स्वतःच्या खर्चानं परिषदांना जायचे, स्वतःच पुस्तिका छापायचे, आणि मागच्या बाकांवर त्यांची थट्टा व्हायची. १९७५ च्या मार्चमध्ये अमेरिकेत मार्टिन गार्डनरनं 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा जगाला समजलं. तोवर मास्तर सत्तरीचे झाले होते.

हार्डी अर्धा बरोबर आहे, हे मी मान्य करतो. हर्षदपणा आपल्या दहा बोटांवर उभा आहे. आठ बोटं असती तर जतचा पिन १४५५२२४ असा लिहिला असता, बेरीज तेवीस, आणि तेवीसनं भागल्यावर बारा उरतात. हर्ष संपला. ५४७९ मूळ असणं मात्र बोटांवर अवलंबून नाही. आणखी एक: ४१६४०४ ही दोन वर्गसंख्यांची बेरीज म्हणून लिहिता येत नाही. जन्मभर कागद घालवा, येणार नाही. चारनं भागून तीन उरणारी १९ ही मूळ संख्या तिच्या अवयवांत एकदाच आली आहे, आणि अशी मूळ संख्या विषम वेळा आली की ती वाट कायमची बंद होते. हे फर्माला सतराव्या शतकात दिसलं होतं. याला म्हणायचं गुणधर्म. तो पाटी रंगवून बदलत नाही. उद्या ही गावं कर्नाटकात गेली, २०२२ च्या नोव्हेंबरात तिथले तेव्हाचे मुख्यमंत्री बोम्मई यांनी जत तालुक्यातल्या चाळीस गावांचा विषय काढलाच होता, तर पिन पाचनं सुरू होणारा मिळेल, पण ४१६४०४ या संख्येला त्याचं काही वाटणार नाही.

पण दुसरं अर्धं हार्डीला दिसलं नाही. त्याचीच ती प्रसिद्ध टॅक्सी, १७२९: दोन घनांची बेरीज म्हणून दोन प्रकारे लिहिता येणारी सर्वांत लहान संख्या. तिच्या अंकांची बेरीज करा. एकोणीस. एकोणीसनं भागा. एक्क्याण्णव. हर्षद! रामानुजनच्या संख्येत आणि जतच्या पिनमध्ये एकच एकोणीस बसलेला आहे, आणि ही गंमत सांगितल्यावर नववीतलं पोरगं जे डोळे मोठे करतं, ते घनांच्या बेरजेनं आधी करत नाही. गमतीच्या दारातून ते आत येतं, मग घनांपर्यंत जातं. पुढच्या पायरीवर "का?" विचारलं तर गणित झालं, न विचारता फॉरवर्ड केलं तर व्हॉट्सॲप झालं, आणि फी घेतली तर शिबिर.

फी सरकारही घेतंच. २०२४ साली राज्यानं चारचाकीच्या ०००१ या नंबराची फी तीन लाखांवरून पाच लाख केली, मुंबई-पुण्याकडं आणखी जास्त. पाच लाख, एकासाठी! ज्या संख्येला स्वतःशिवाय दुसरा विभाजकसुद्धा नाही. आमच्याकडं एमएच १० च्या पाट्यांवर सगळ्यांना हवा असतो तो ४१४१, कारण तो वाकडा-तिकडा रंगवला की 'दादा' दिसतो. ४१४१ म्हणजे ४१ × १०१, दोन्ही मूळ. हे एकाही दादाला माहीत नाही. आमच्याच तालुक्यातल्या माडग्याळी मेंढ्याच्या पोपटनाकासाठी लोक लाखांची बोली लावतात, तिथं निदान नाक तरी दिसतं.

आणि शाळा? शाळेत विभाज्यतेच्या कसोट्या पाठ करून घेतात. "नऊची कसोटी सांग." पोर धडाधडा सांगतं. "ती का चालते?" शांतता. हा प्रश्न स्कॉलरशिपला येत नाही. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात संख्या 'वीस एक' अशाही वाचाव्यात असं आलं, तेव्हा मराठी भाषा बुडाली म्हणून महाराष्ट्र चवताळला होता. समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे समजावत राहिल्या, ऐकायला कुणी तयार नव्हतं. आमच्या तालुक्यातल्या संख-उमदीकडची निम्मी पोरं घरी कन्नड बोलतात. त्यांच्या घरात एकोणीस म्हणजे हत्तोंबत्तु, दहा नि नऊ, सरळ हिशेब. शाळेत आल्यावर तेच होतं एक-ऊन-वीस, विसाला एक कमी. दोन्ही वाटांनी एकाच संख्येवर पोचणारी ही पोरं खरं तर जास्त शहाणी असायला हवीत. आपण त्यांना भाषेत कच्ची ठरवतो.

ते कार्ड अजून माझ्या टेबलावर आहे. एका बाजूला नऊ ग्रह, दुसऱ्या बाजूला शिबिराच्या स्थानिक संपर्काचा पत्ता, आणि शेवटी ठळक अक्षरात: जत – ४१६४४०.

परवा संध्याकाळच्या बॅचला मी तो आकडा फळ्यावर लिहिला. काहीच बोललो नाही, फक्त म्हटलं, तपासा. पहिल्या बाकावरच्या पोरानं नवाचा ताळा घेतला: एकोणीस, दहा, एक. "बरोबर हाय सर, आपलाच हाय." निम्म्या वर्गानं मान डोलावली. मागून उमदीकडची एक मुलगी वहीत भागाकार करत बसली होती. आमच्या पिनला एकोणीसनं भाग जातो हे तिला मागच्या आठवड्यातलं आठवत होतं. तिनं ओठातल्या ओठात काहीतरी मोजलं, परत मोजलं आणि हात वर केला.

"सर, भाग जाईना. हदिनेळु उरले." मग जीभ चावून म्हणाली, "सतरा."

ती उठली, फळ्याजवळ आली, माझ्या हातातला लाल खडू घेतला आणि शेवटच्या दोन अंकांभोवती गोल काढला.